गॅलरीपुरती सिगरेट

रात्रीचे सव्वादोन. सकाळी नऊला क्लायंट कॉल. आणि बेडरूमच्या दारात मिसळ खोकत बसलेली.

थांबा, आधी ओळख करून देतो. मिसळ म्हणजे आमची मांजर. अंगावर पांढरा, तांबडा, काळा असे तिन्ही रंग आणि पाठीवर कुणीतरी वरून शेव भुरभुरावी तसे ठिपके. म्हणून मिसळ. वय साडेपाच वर्षं. बायकोने तिला पार्किंगमधल्या एका बंद पडलेल्या स्कूटरखालून उचलून आणलं, तेव्हा मी ठणकावून सांगितलं होतं, "आपल्याला हे जमणार नाही." आता आमच्या कोथरूडच्या वन बीएचकेमध्ये कुणाला काय जमतं आणि काय नाही, हे मिसळच ठरवते.

तर, खोकला. पोट जमिनीला टेकलेलं, कोपरं बाहेर, मान पुढे ताणलेली आणि घशातून खर्र... खर्र... असा आवाज. "हेअरबॉल असेल," बायको म्हणाली. मांजरं स्वतःला चाटतात, पोटात केस जातात, मग त्यांचा गोळा बाहेर टाकतात, एवढं ज्ञान आम्हाला होतं. आम्ही दोघं जुना पेपर पसरून, झोपाळलेल्या डोळ्यांनी वाट बघत बसलो. गोळाबिळा काही पडला नाही. मिनिटभराने मॅडम उठल्या, 'काय बघताय?' असा एक लूक दिला आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर पडलेल्या माझ्या टी-शर्टवर जाऊन झोपल्या.

ही खुर्ची लक्षात ठेवा. ती तुमच्याही घरात आहे. धुवायला टाकण्याएवढे मळलेले नाहीत आणि कपाटात ठेवण्याएवढे स्वच्छही नाहीत, असे कपडे जिच्यावर मुक्कामाला असतात, तीच ती.

मिसळ झोपली. मला मात्र टेन्शन आलं होतं. मी गॅलरीत गेलो, सरकतं दार नीट लावून घेतलं आणि एक सिगरेट पेटवली.

आता या गॅलरीबद्दल सांगायला हवं. आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली. बायको सिगरेट ओढत नाही. मी ओढायचो, दिवसाला आठ-दहा. लग्नाआधी म्हणालो होतो, साखरपुडा झाला की सोडतो. नंतर म्हणालो, अप्रेझल झालं की सोडतो. मग प्रोजेक्ट लाइव्ह झालं की. कुठलंतरी प्रोजेक्ट नेहमीच लाइव्ह व्हायचं बाकी असायचं. शेवटी आमच्यात तह झाला. घरात एकही नाही. ओढायची तर गॅलरीत, दार लावून, आणि चूळ भरूनच आत यायचं.

हा तह मी अगदी इमानेइतबारे पाळला. जुलैच्या पावसात एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात सिगरेट घेऊन उभा राहिलोय. थंडीत कानटोपी घालून उभा राहिलोय. ऑफिसातल्या टपरीवर कॉलर ताठ करून सांगायचो, "आपण घरात ओढत नाही बॉस." आठवड्यातले तीन दिवस वर्क फ्रॉम होम सुरू झालं, तेव्हा गॅलरीतल्या दोन सिगरेटींच्या पाच झाल्या. पण गॅलरीतच! गॅलरीतल्या एका रिकाम्या कुंडीत थोटकांचा ढीग साठत गेला आणि माझ्या मनात मी किती जबाबदार स्मोकर आहे याचा अभिमान.

खोकला पुढच्या दोन आठवड्यांत चार वेळा झाला. पाचव्या वेळी मिसळ तोंड उघडून श्वास घ्यायला लागली. कुत्रं तोंड उघडून धापा टाकतं, ते नॉर्मल. मांजराने तसं केलं, तर उठून थेट डॉक्टरकडे जायचं असतं. हे आम्हाला माहीत नव्हतं. पण तिचे डोळे बघून आम्ही ते केलं.

डॉक्टरबाईंनी आधी ऑक्सिजन दिला, मग इंजेक्शन, मग एक्स-रे. तासाभराने मिसळ शांत झाली, तेव्हा त्यांनी आम्हाला समोर बसवलं. "दमा आहे," त्या म्हणाल्या. मला वाटलं, त्या गंमत करताहेत. मांजराला दमा? तर हो, असतो. आपल्यासारखाच. श्वासनलिकांना आतून सूज येते, त्या आकसतात, चिकट स्राव साठतो आणि हवा आत-बाहेर करायला त्रास होतो. बरेच लोक मान ताणून खोकणाऱ्या मांजराला बघून हेअरबॉल समजतात आणि महिनेच्या महिने घालवतात. (आम्ही दोन आठवडे. म्हणजे त्या मानाने हुशार.)

मग त्यांनी विचारलं, "घरात स्मोकिंग कोण करतं?"

बायकोने माझ्याकडे बघितलं नाही. समोरच्या भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत बसली. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"घरात कुणी नाही," मी म्हणालो. "मी ओढतो, पण गॅलरीत. दार लावून."

"आणि आत आल्यावर?"

"चूळ भरतो."

"कपडे बदलता?"

आता सिगरेट ओढून झाल्यावर दर वेळी कपडे कोण बदलतं? मी गप्प.

"मांजर झोपते कुठे?"

या वेळी मात्र बायकोने माझ्याकडे बघितलं. "ह्याच्या टी-शर्टवर," ती म्हणाली. "खुर्चीवर पडलेल्या."

डॉक्टरबाई ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी वाद घातला असता. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "हे बघा, तुमच्या सिगरेटमुळेच तिला दमा झाला, असं मी म्हणणार नाही. तसं सिद्ध करता येत नाही. धूळ, परागकण, डासांची कॉइल, उदबत्ती, रूम फ्रेशनर, तिच्या लिटरची बारीक पूड, कशानेही दमा भडकू शकतो. पण सिगरेटचा धूर त्या यादीत अगदी वर आहे. आणि ती गोष्ट तुमच्या हातात आहे."

मी हात हळूच खिशात घातला. दोन बोटांवरचा पिवळा डाग चूळ भरून जात नाही.

त्या रात्री मिसळ घरी आली आणि मी लॅपटॉप घेऊन बसलो. इंजिनिअर माणूस. प्रॉब्लेम आला की आधी तो खोटा ठरवायचा प्रयत्न करायचा, ही आमची सवय. दुर्दैवाने जे वाचलं ते खोटं ठरवता येईना.

आपल्याला पॅसिव्ह स्मोकिंग माहीत असतं. दुसऱ्याने सोडलेला धूर तिसऱ्याच्या छातीत. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं असतात आणि त्यातली सत्तरच्या आसपास कॅन्सरशी संबंधित, हेही कधीतरी कानावर आलेलं असतं. पण धूर विरला की विषय संपला, असं आपण धरून चालतो. तो संपत नाही. धुरातले कण आणि निकोटीन केसांवर, कातडीवर, कपड्यांवर, पडद्यांवर, सोफ्यावर चिकटून राहतात आणि हळूहळू परत हवेत येतात. याला 'थर्ड हॅण्ड स्मोक' म्हणतात. लहान मुलांच्या डॉक्टरांनी २००९ च्या सुमारास हा शब्द पुढे आणल्यावर तो सगळीकडे पोचला. लिफ्टमध्ये एखादा माणूस शिरतो, हातात सिगरेट नसते, तरी तुम्हाला कळतं ना? तेच ते.

आणि माझ्या गॅलरीची पंचाईत तर २००४ सालीच झाली होती. कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या संशोधकांनी तान्ही बाळं असलेली घरं तपासली. काही घरांत आई-बाबा सिगरेट ओढत नव्हते. काही घरांत ओढत होते, पण बाळासाठी बाहेर जाऊन. या दुसऱ्या घरांतही धुराचा अंश, पहिल्या घरांच्या तुलनेत, पाच ते सात पट निघाला. म्हणजे दार लावून घेतलं, तरी धूर माझ्याबरोबर, माझ्या टी-शर्टवर बसून आत येत होता. चूळ भरलेल्या तोंडाने मी त्याला घेऊन येत होतो.

बाळं निदान स्वतःला चाटत नाहीत. मांजर चाटते. जागेपणीचा कितीतरी वेळ तिचा तोच कार्यक्रम. पंजा, कान, पोट, शेपूट, पुन्हा पंजा. जिभेवरचे बारीक काटे केसांच्या मुळापर्यंत जातात. तिच्या अंगावर जे बसतं, ते तिच्या तोंडात जातं आणि पोटात उतरतं. म्हणजे मांजर तो धूर आधी हुंगते आणि नंतर खाते. माझ्या टी-शर्टवर आठ तास झोपून उठल्यावर मिसळ तासभर अंग साफ करायची, तेव्हा मी कौतुकाने फोटो काढायचो. कॅप्शन असायचं, 'स्वच्छ भारत'.

२००२ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ एपिडेमिऑलॉजी'मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या मांजरांचा एक अभ्यास छापून आला. लिम्फोमा हा मांजरांमध्ये बऱ्यापैकी आढळणारा कॅन्सर. तो झालेली मांजरं आणि न झालेली मांजरं यांच्या घरांची तुलना केली. स्मोकर असलेल्या घरात राहणाऱ्या मांजरांना लिम्फोमाचा धोका २.४ पट निघाला. पाच वर्षं किंवा त्याहून जास्त काळ अशा घरात काढलेल्या मांजरांना ३.२ पट.

मिसळचं वय साडेपाच वर्षं. मी लॅपटॉप बंद केला.

नीट समजून घ्या, असल्या आकड्यांचा अर्थ 'होणारच' असा नसतो. धोका वाढतो, एवढाच असतो. बहुतेक मांजरांना काही होतही नाही. पण क्लायंटला दाखवायच्या एक्सेलमध्ये एखादी रिस्क ३.२ पट दिसली, तर आपण 'बघू नंतर' म्हणतो का?

दुसऱ्या दिवशी हिंजवडीला टपरीवर हा किस्सा सांगितला. सगळे चहा आणि सुट्टा घेऊन उभे. माझ्याही हातात होतीच, खोटं कशाला बोलू. एक जण म्हणाला, "आपल्याकडे जर्मन शेफर्ड आहे. तो काही स्वतःला चाटत बसत नाही." दुसऱ्याच्या घरी पग आहे, २००३ मध्ये हचच्या जाहिरातीत पोराच्या मागे फिरणारा तो, त्यातलाच. तिसऱ्याच्या आईने लव्हबर्ड्स पाळलेत. म्हणजे आपण लव्हबर्ड्स म्हणतो ते, खरं तर बजरीगर.

रात्रभर वाचलेलं होतं, त्यामुळे मी सुरू झालो.

कुत्र्यांच्या बाबतीत सगळा खेळ नाकाच्या लांबीचा. कोलोरॅडोतल्या संशोधकांनी १९९८ मध्ये कुत्र्यांच्या नाकाच्या कॅन्सरचा अभ्यास केला. सगळी कुत्री एकत्र धरली तर फारसा फरक दिसला नाही. लांब नाकाची वेगळी काढली, तर धुराच्या घरात धोका दुपटीच्या आसपास. लांब नाकात धुरातले कण अडकून बसतात, असं त्याचं स्पष्टीकरण. मग पगसारख्या चपट्या नाकाच्यांचं काय? तिथे अडवायला नाकच नाही, कण सरळ फुफ्फुसाकडे. त्याच मंडळींचा १९९२ चा फुफ्फुसाच्या कॅन्सरचा अभ्यास तसा इशारा देतो, पण तिथला पुरावा कच्चा आहे, हेही त्यांनीच म्हटलंय. शेफर्डवाला आणि पगवाला दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

पक्ष्यांचं तर विचारूच नका. त्यांची श्वसनाची रचना अशी की दर श्वासाला हवेतला ऑक्सिजन आपल्यापेक्षा जास्त चांगला खेचला जातो. हवेत घाण असेल तर तीही तेवढ्याच तत्परतेने. ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणींत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून कॅनरी पक्षी घेऊन उतरायचे आणि ही पद्धत १९८६ पर्यंत चालू होती. पिंजऱ्यातला पक्षी उठून गॅलरीतही जाऊ शकत नाही. बरेचदा त्याचा पिंजरा गॅलरीतच टांगलेला असतो, आपल्याच डोक्याशेजारी.

आणि आम्ही सगळे उभे होतो तिथेच खाली थोटकं पडलेली. टपरीवरचं कुत्रं ती हुंगत होतं. ओढून झालेल्या थोटकातही निकोटीन शिल्लक असतं, काही मिलिग्रॅम तरी. पाच किलोच्या पिल्लाने दोन-तीन थोटकं गिळली, तर तासाभराच्या आत लाळ, उलट्या, थरथर सुरू होऊ शकते. जास्त गिळली तर जिवावर बेततं. तसं झालं तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, डॉक्टरला फोन करायचा आणि निघायचं. माझ्या गॅलरीतली ती कुंडी मला आठवली. मिसळ कधीमधी त्या कुंडीत पंजा घालून उकरायची.

कुणीतरी म्हणालं, "मग व्हेप घे ना." एक तर भारतात ई-सिगरेटवर २०१९ पासून बंदी आहे. आणि त्यातल्या लिक्विडमध्ये निकोटीन एवढं दाट असतं की छोट्या जनावराच्या पोटात थोडंसं गेलं तरी पुरे.

परत येताना बसमध्ये मी विचार करत होतो. २ ऑक्टोबर २००८ ला सार्वजनिक ठिकाणी सिगरेट ओढायला देशभर बंदी आली, तेव्हा मी जाम वैतागलो होतो. थिएटर, हॉटेल, ऑफिस, सगळीकडून हाकलले गेलो. दोनशे रुपये दंड. आता त्याचं काही वाटत नाही, उलट हॉटेलात शेजारच्या टेबलावर कुणी पेटवली तर आपणच नाक मुरडू. पण तो कायदा आपल्या घराच्या दाराशी थांबतो. २०१६-१७ च्या सरकारी सर्वेक्षणानुसार देशात ३८.७ टक्के प्रौढांना आपल्या घरातच दुसऱ्याचा धूर सोसावा लागत होता. हे माणसांचे आकडे. मांजरं कुणी मोजली नाहीत. आणि माणूस निदान 'विझव रे ती' म्हणू शकतो, उठून बाहेर जाऊ शकतो. आमच्यासारख्या फ्लॅटमधली मांजर चोवीस तास त्याच चारशे चौरस फुटांत. मी दिवसातले दहा तास तरी बाहेर असतो. ती नसते.

तर मी ठरवलं, सोडायची. शनिवारी सकाळी बायको चहा करत होती. मी ओट्याशी जाऊन, छाती फुगवून सांगितलं, "मी सिगरेट सोडतोय. मिसळसाठी."

मला वाटलं, ती खूश होईल. तिने गॅस बारीक केला आणि म्हणाली, "छान."

'छान' या शब्दाचे किती अर्थ असतात, हे नवरेमंडळींना सांगायला नको.

"काय झालं?"

"काही नाही. सहा वर्षं मी सांगतेय. माझ्यासाठी नाही सुटली, मांजरीसाठी सुटतेय. छान आहे की."

"तसं नाही गं..."

"अरे, मीही त्याच घरात राहते. त्याच खुर्चीवरचे कपडे मीच मशीनला लावते. त्याच सोफ्यावर झोपते." मग तिने चहा गाळला आणि अगदी सहज विचारलं, "माझा एक्स-रे काढला असता, तर लवकर सुटली असती का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. खूप विचार केल्यावर एवढंच लक्षात आलं की बायकोला बोलता येतं, म्हणून मी सहा वर्षं तिच्याशी घासाघीस करू शकलो. घरात नाही, गॅलरीत. दहा नाही, आठ. या महिन्यात नाही, पुढच्या. ती दर वेळी एक पाऊल मागे आली आणि मी त्याला 'करार' म्हणत राहिलो. मिसळशी घासाघीस करता येत नव्हती. ती नुसती खोकत होती.

नंतर वाचनात आलं की मी एकटाच नालायक नाही. अमेरिकेत मिशिगनमधल्या पाळीव प्राणी असलेल्या लोकांना याबद्दल विचारलं होतं, तो अभ्यास २००९ मध्ये छापून आला. त्यातले २८.४ टक्के स्मोकर म्हणाले की धुराने आपल्या प्राण्याला त्रास होतो हे कळलं, तर आपण सोडायचा प्रयत्न करू. मी हे बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे तिथेही बायकांना कुणी विचारत नाही."

सोडणं सोपं नव्हतं. पहिले तीन दिवस तर मी माणसात नव्हतो. स्टॅण्डअप कॉलवर एका बिचाऱ्या ज्युनिअरवर विनाकारण डाफरलो. (सॉरी रे.) १८००-११-२३५६ या सरकारच्या टोल फ्री क्विटलाइनला फोन केला. वाटलं होतं, लेक्चर देतील. त्यांनी फक्त विचारलं, दिवसातली कुठली सिगरेट सोडायला सगळ्यात अवघड जाते? मी म्हणालो, रात्री जेवणानंतरची, गॅलरीतली. मग त्या एका सिगरेटच्या वेळी काय करायचं, यावर आम्ही बोललो. डॉक्टरांना विचारून निकोटीन गम घेतलं. (ते ड्रॉवरमध्ये, कुलपात. गममध्येही निकोटीनच असतं आणि बऱ्याच शुगर फ्री गममध्ये झायलिटॉल असतं, जे कुत्र्यांना विषारी आहे.)

मिसळसाठी इनहेलर आला. हसू नका, लहान मुलांचा असतो तसाच, नळीला पुढे छोटा मास्क. एक पफ नळीत सोडायचा, मास्क तिच्या नाकातोंडावर धरायचा आणि तिचे सात ते दहा श्वास मोजायचे. सकाळ-संध्याकाळ. पहिल्या आठवड्यात माझ्या हातावर जेवढे ओरखडे उठले, तेवढे आयुष्यात उठले नव्हते. पण श्वास मोजताना दुसरं काही करता येत नाही. एक... दोन... तीन... तिचं पोट वर-खाली होताना बघायचं. सिगरेट ओढताना मी कधी स्वतःचेही श्वास मोजले नव्हते.

खुर्ची रिकामी केली. पडदे, सोफ्याची कव्हरं, गाद्यांच्या खोळी सगळं धुतलं. भिंती पुसल्या, तर फडक्यावर पिवळट रंग आला. गॅलरीच्या दाराजवळची भिंत सगळ्यात जास्त. कॉइल बंद करून खिडक्यांना जाळ्या लावल्या. एक कॉइल जळताना जेवढे सूक्ष्म कण सोडते ते ७५ ते १३७ सिगरेटींएवढे असतात, असा २००३ चा एक अभ्यास आहे. आई राहायला आली, तेव्हा तिने उदबत्ती पेटवायला घेतली. मी म्हणालो, "आई, मिसळला दमा आहे." आई म्हणाली, "तुझ्या वडिलांनाही होता. तेव्हा नाही सुचलं हे तुला." पण उदबत्ती परत डब्यात ठेवली आणि निरांजन लावलं.

तुम्हाला अगदी लगेच सोडता येत नसेल तर? तर निदान ओढून आल्यावर शर्ट बदला आणि हात साबणाने धुवा, मगच प्राण्याला उचला. गाडीत ओढू नका, विशेषतः तो मागच्या सीटवर असताना. ॲशट्रे झाकणाचा घ्या. त्याचं अंथरूण दर आठवड्याला धुवा. डॉक्टरकडे गेलात की कुणी न विचारता सांगा की घरात स्मोकर आहे. याने धोका कमी होतो. जात नाही. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठातल्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी मांजरांच्या केसांतलं निकोटीन मोजून बघितलं. मालकाने सिगरेटी कमी केल्या की केसांतलं निकोटीन उतरतं, पण जिथे कुणीच ओढत नाही त्या घरातल्या मांजरापेक्षा जास्तच राहतं. हे मला आधी कळलं असतं, तर मी छत्री घेऊन पावसात उभा राहिलो नसतो.

एकोणिसाव्या दिवशी माझी विकेट पडली. रिलीज नाइट, रात्री दहाला टपरीवर सगळ्यांबरोबर एक ओढली. अर्ध्यातच चव लागेना, पण ओढली. साडेअकराला घरी आलो, दारातूनच सरळ बाथरूममध्ये, डोक्यावरून आंघोळ, कपडे थेट मशीनमध्ये. बाहेर आलो तर बायको समोर उभी.

"रात्री साडेअकराला आंघोळ? ओढलीस ना?"

"एकच."

ती काही बोलली नाही. मिसळला उचलून तिच्या खोलीत, म्हणजे आमच्याच बेडरूममध्ये, घेऊन गेली आणि दार लावलं. मी सोफ्यावर. त्या रात्री मला दाराच्या दुसऱ्या बाजूला राहणं म्हणजे काय ते कळलं.

आज त्याला त्रेचाळीस दिवस झाले. त्यानंतर एकही नाही. उद्याचं वचन देत नाही, पूर्वी खूप दिलीत. मिसळचा दमा गेलेला नाही, तो जातही नाही. इनहेलर चालूच राहणार. पण गेल्या महिन्यात खोकल्याची उबळ एकदाच आली आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, डोस थोडा कमी करून बघू. त्याचं श्रेय कशाला द्यायचं, औषधाला की धुराला, हे त्यांनाही सांगता येत नाही. मी विचारलंही नाही.

गॅलरीतली ती कुंडी मी रिकामी केली. थोटकं गेली, मातीही फेकून दिली, कुंडी घासून धुतली. नवीन माती भरून मूठभर गहू पेरले. मांजरांना गव्हाची कोवळी पाती आवडतात. गॅलरीला जाळी मारून घेतली आणि सरकतं दार आता उघडं असतं. रविवारी सकाळी मिसळ कुंडीत तोंड घालून पाती कुरतडत होती. बायको दोन कप चहा घेऊन आली आणि इकडेतिकडे बघत म्हणाली, "इथून टेकडी दिसते?"

सहा वर्षं त्याच फ्लॅटमध्ये राहतोय आम्ही. पण ती गॅलरी माझी होती ना.